रांगेतला डबा

नव्वदच्या दशकात कर्नाटकात गावोगाव एका भुताची अफवा उठली होती. आपल्या भागातल्या चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ती आठवत असेल. रात्री एक बाई येते, ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडलं की घात करते, असं लोक सांगत. त्यावर लोकांनी उपाय काढला तो दारावर दोन शब्द लिहिण्याचा : ‘नाळे बा’. म्हणजे उद्या ये. भूत ते वाचून परत फिरायचं, दुसऱ्या रात्री पुन्हा यायचं आणि पुन्हा तेच वाचून मागं जायचं. आपल्या किराणा दुकानातल्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीचीच ही सख्खी बहीण.

लहानपणी मी या भुताला भ्यायचे. २०२५ च्या दिवाळीत मात्र मला पहिल्यांदाच त्याची कीव आली. रोज आशेनं यायचं आणि रोज तीच पाटी वाचून परतायचं, हे काय सुख आहे? ही कीव आली ती सुरतेच्या नवागाममध्ये, माझ्या मावसबहिणीच्या स्वयंपाकघरात.

आक्का मूळची निपाणीची. माहेरी अर्धं बोलणं कन्नडात आणि अर्धं मराठीत. लग्नानंतर ती खानदेशी घरात पडली आणि सुरतेला गेली. उधना, दिंडोली, नवागाम हा सुरतेचा पट्टा म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या माणसांनी वसवलेलं दुसरं खानदेशच. सुरत-भुसावळ रेल्वेनं माणसं आली, मागावर आणि कापड बाजारात कामाला लागली आणि तिथलीच झाली. गल्लीत अहिराणी ऐकू येते, श्रावणात कानबाई बसते, महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. आक्का आता अहिराणी, गुजराती आणि हिंदी सफाईनं बोलते. रागावली की मात्र अजून कन्नडच येतं.

तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला कालनिर्णय आहे, जसं ते तुमच्या-माझ्या घरी असतं. पण आक्काच्या कालनिर्णयात दर महिन्याला एका चौकोनात लाल शाईनं एक तारीख लिहिलेली असते. चौकोन ऑक्टोबर २०२५ चा आणि आत लिहिलेलं ‘२२ ऑगस्ट २०१३’. मी विचारलं तेव्हा आक्का म्हणाली, “ती पोरीची तारीख गं. अमेरिकेची.” पलंगाखालच्या पेटीत अकरा वर्षांची जुनी कॅलेंडरं दोरीनं बांधून ठेवली आहेत. प्रत्येकात अशाच लाल तारखा.

ही पोरगी, माझी भाची, परिचारिका आहे. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं ती आमच्याच घरी राहून शिकली. २०११ मध्ये पदवी घेऊन सुरतेला परत गेली आणि तिथल्या एका खासगी रुग्णालयात लागली. मग अमेरिकेची एनक्लेक्स ही परवाना परीक्षा पास झाली. एका एजंटामार्फत अमेरिकेतल्या एका रुग्णालयानं तिच्यासाठी मार्च २०१४ मध्ये अर्ज भरला. दाजींनी त्यासाठी कर्ज काढलं. एजंट म्हणाला, तीन-चार वर्षांत काम होईल. मी इंग्रजी शिकवते म्हणून सगळे कागद माझ्याकडे येत. ते भरताना मला फार अभिमान वाटायचा.

एक प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणीच विचारला नाही : रांग आत्ता कुठवर आली आहे?

वाचकहो, ही रांग काय प्रकरण आहे ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या भागातल्या कितीतरी मुली नर्सिंगला जातात, आणि ते काही आजचं नाही. डॉ. वानलेस यांनी १८९० च्या दशकात मिरजेत मिशन रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून रुग्णसेवेचं शिक्षण आपल्या दाराशी आहे. मुलगी शिकते, आणि पुढच्या वाटेचं गणित मात्र आपल्याला कुणी समजावत नाही.

अमेरिकेत नोकरीच्या आधारावर कायम राहण्याचे, म्हणजे ग्रीन कार्डाचे, साधारण १,४०,००० व्हिसे वर्षाला मिळतात. ही मर्यादा १९९० च्या कायद्यानं ठरली. त्यात वेगवेगळे वर्ग आहेत. परिचारिका बहुधा तिसऱ्या वर्गात येतात आणि त्या वर्गाच्या वाट्याला सुमारे ४०,००० व्हिसे येतात. नवरा किंवा बायको आणि मुलंही याच आकड्यात मोजली जातात. त्यात आणखी एक अट आहे. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. म्हणजे त्या वर्गात भारताच्या वाट्याला वर्षाला २,८०० च्या आसपास. इतर देशांचे उरले तर थोडे जास्त. आणि या रांगेत परिचारिका एकटी नसते. बंगळूर-पुण्याहून गेलेले सॉफ्टवेअरवाले इंजिनीअर हजारोंनी तिच्या पुढं उभे असतात.

अर्ज ज्या दिवशी दाखल झाला तो दिवस म्हणजे रांगेतला तुमचा नंबर. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक पत्रक काढतं आणि कोणत्या देशाची, कोणत्या वर्गाची रांग कोणत्या तारखेपर्यंत आली ते सांगतं. तुमची तारीख तिच्या आधीची असेल तर दार उघडतं. नसेल तर, नाळे बा.

आमच्या भाचीची तारीख मार्च २०१४ ची. त्या महिन्यात भारताच्या तिसऱ्या वर्गाची रांग होती सप्टेंबर २००३ वर. म्हणजे दहा वर्षं मागं. हे पत्रक तेव्हाही जाहीरच होत होतं. एजंटानं सांगितलं नाही हे खरं, पण आम्हीही पाहिलं नाही.

पुढची गंमत ऐका, तिला गंमत म्हणावं तर. ऑक्टोबर २०१८ मध्ये रांग १ जानेवारी २००९ वर आली. आम्हाला वाटलं, आता वेग धरला. २०२० मध्ये करोना आला आणि जगभरच्या वकिलातींची कामं थंडावली. त्यामुळं नातेवाइकांसाठी राखलेले बरेच व्हिसे वापरलेच गेले नाहीत. ते कायद्यानुसार पुढच्या वर्षी नोकरीच्या रांगेत आले, आणि १,४०,००० च्या जागी त्या वर्षी सुमारे २,६२,००० व्हिसे उपलब्ध झाले. रांग धावत सुटली. ऑक्टोबर २०२१ च्या पत्रकात तारीख होती १ जानेवारी २०१४. भाचीच्या तारखेला जेमतेम दोन-तीन महिने राहिले होते! आक्कानं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले नाहीत एवढंच, पण आणून ठेवले होते.

नोव्हेंबर २०२१ चं पत्रक आलं आणि तारीख मागं गेली : १५ जानेवारी २०१२. जुलै २०२३ मध्ये तर ती थेट १ जानेवारी २००९ वर गेली. पाच वर्षांपूर्वी जिथं होती त्याच जागी. मग पुन्हा हळूहळू पुढं सरकत ऑक्टोबर २०२५ मध्ये २२ ऑगस्ट २०१३. चार वर्षांपूर्वी होती त्याच्याही मागंच. फिलिपाइन्समधल्या परिचारिकेला याच पत्रकात २०२३ ची तारीख आहे, कारण तिच्या पुढं तिच्या देशाची इतकी माणसं उभी नाहीत.

रांग मागं कशी जाते, असं दाजी अजूनही विचारतात. रेशनच्या दुकानात असं झालं तर मारामारी होईल. पण वर्षाचा कोटा संपत आला की खातं तारीख मागं घेतं आणि ते कायद्याला धरूनच असतं.

या रांगेविरुद्ध कधी कुणी बोललं नाही असं नाही. २००७ च्या जून महिन्यात पत्रकात सगळ्यांच्या तारखा एकदम खुल्या झाल्या आणि २ जुलैला ते दार पुन्हा बंद केलं गेलं. तेव्हा अमेरिकेतल्या भारतीयांनी ‘लगे रहो मुन्नाभाई’मधली गांधीगिरी केली. तिथल्या स्थलांतर खात्याच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. संचालकांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयांकडे वळवली. पण १७ जुलैला खातं नमलं आणि महिनाभर अर्ज घेतले गेले. गोष्ट छान आहे. पण त्याचा लाभ झाला तो आधीच अमेरिकेत राहून नोकरी करणाऱ्यांना. परिचारिकेची अडचण अशी की ती रांगेत उभी असते तीच मुळी दाराबाहेर. इंजिनीअरला तात्पुरत्या व्हिसावर जाऊन, पगार घेत वाट पाहता येते. साध्या वॉर्डातल्या परिचारिकेला तो व्हिसा बहुधा मिळत नाही, कारण त्या कामाला तिथं पदवी सक्तीची धरत नाहीत. परिचारिकांसाठी १९९९ च्या कायद्यानं वर्षाला ५०० तात्पुरते व्हिसे ठेवले होते, ते २००९ अखेर बंद झाले. २००५ मध्ये परिचारिका आणि तशाच टंचाईच्या पेशांसाठी ५०,००० जादा व्हिसे दिले गेले, ते २००६ अखेरपर्यंत संपून गेले. आमची भाची रांगेला लागली तेव्हा दोन्ही वाटा मिटलेल्या होत्या.

तारखेचं हे झालं. माणसाचं काय?

वाट पाहताना कागद दुधासारखे नासतात. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. परिचारिकेची पात्रता तपासून मिळणारं व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र पाच वर्षं. वैद्यकीय तपासणी तर काही महिन्यांतच शिळी होते. परवान्याचं नूतनीकरण वेगळं. भाचीनं इंग्रजीची परीक्षा तीनदा दिली. दर वेळी फी आणि दर वेळी रात्रपाळी करून अभ्यास.

पण कागदापेक्षा नासतं ते दुसरंच. २०१६ मध्ये तिचं लग्न झालं. मुलाकडच्यांना सांगताना ‘पोरगी अमेरिकेला जाणार’ हे आपसूक पहिल्या वाक्यात आलं. जावई सज्जन आहेत, हिऱ्याच्या कारखान्यात हिशेब पाहतात. पण तीन वर्षांनी त्यांची आत्या सणाला आली की विचारू लागली, “कधी जाणार?” आता भाचीची मुलगी सात वर्षांची आहे, आणि आत्या विचारतही नाही. भाची म्हणते, “मावशी, विचारायच्या तेव्हा बरं होतं.” आक्कानं स्वयंपाकघराला फरशी घातली नाही, कारण पोरीनं तिकडून पैसे पाठवले की मोठंच काम काढायचं होतं. भाचीनं एम.एस्सी. केलं नाही, कारण मध्येच तारीख आली तर?

आता माझी चूक सांगते. २०१८ साली तिच्या रुग्णालयानं तिला अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर होशील का म्हणून विचारलं. पगार चांगला होता, पण तीन वर्षांचा करार होता. तिनं मला फोन केला. तेव्हाच ऑक्टोबरचं पत्रक आलं होतं, रांग धावताना दिसत होती. मी म्हटलं, “अडकू नकोस. कोणत्याही महिन्यात नंबर लागेल.” तिनं नकार दिला. तिच्याहून तीन वर्षं मागची मुलगी इन्चार्ज झाली. करोनात दोघींनी एकाच वॉर्डात ते कपडे घालून बारा-बारा तास काढले. एकीच्या हाताखाली दुसरी. तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला सोपं गेलं असतं.

या दिवाळीत तेच पद पुन्हा रिकामं झालं होतं. पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो होतो. भाचीनं विचारलं, “मावशी, या वेळी काय सांगतेस?” माझ्या तोंडून शब्द फुटेना. अकरा वर्षं थांबलेल्या मुलीला ‘सोडून दे’ म्हणणं जितकं जड, तितकंच ‘थांब’ म्हणणंही.

तेव्हा आक्का बोलली. करंज्या तळता तळता, पाठमोरीच. “आठवतं का गं तुला, निपाणीला रॉकेलची रांग? सकाळी सहाला जाऊन मी डबा ठेवायची. कानाला दोरी बांधून, खाली दगड. मग घरी येऊन भाकऱ्या थापायच्या आणि शाळा गाठायची. दुपारी रॉकेल आलं की शेजारची पोरं हाक मारायची. रांगेत डबा ठेवायचा असतो. आपण नसतं उभं राहायचं.” आणि मग वळून, कन्नडातच : “निंतु निंतु कालु नोवु.” उभं राहून राहून पाय दुखतात, एवढंच.

इतकी वर्षं इंग्रजी कागद वाचणाऱ्या मला जे सुचलं नाही, ते रॉकेलच्या डब्यानं सांगितलं. आणि कायद्यातही ते बसतं. रुग्णालयाचा मूळ अर्ज एकदा मंजूर झाला की ती तारीख मुलीची होते. पुढं ते रुग्णालय बदललं, तरी दुसऱ्या रुग्णालयाच्या नव्या अर्जावर जुनीच तारीख लागू शकते. फसवणुकीसारख्या कारणानं मंजुरी रद्द झालेली नसली म्हणजे झालं. म्हणजे डबा रांगेतच राहतो. नंबर येईल तेव्हा नोकरी देणारं कुणीतरी तिथं हवं, एवढी अट. तोवर इथं इन्चार्ज व्हा, एम.एस्सी. करा, फरशी घाला, रांग हलत नाही म्हणून काही थांबवायचं कारण नाही. उलट पेशातला खंड हीच परदेशात मोठी अडचण ठरते. वॉर्डात काम करत राहिलेली परिचारिका कोणत्याही देशाला हवी असते.

ज्यांच्या घरी नर्सिंगला जाणारी मुलगी आहे त्यांच्यासाठी, या घरानं पैसे आणि वर्षं मोजून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली. कोणत्याही देशासाठी अर्ज भरण्याआधी विचारा, रांग आज कुठं आहे आणि गेल्या पाच वर्षांत किती सरकली. ‘तीन-चार वर्षं’ हे उत्तर नव्हे.

दुसरी. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेटवर पाहा. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. २०१५ मध्ये कुवेतच्या भरतीत परिचारिकांकडून लाखो रुपये उकळल्याचं उघड झालं. तेव्हापासून आखाती देशांसह अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच करायची, असा नियम केंद्रानं केला. २०१४ मध्ये इराकमधून ४६ परिचारिका सुटून आल्या, तेव्हा कित्येकींच्या डोक्यावर जाण्यासाठी काढलेलं कर्ज तसंच होतं.

तिसरी खास आपल्यासाठी, दोन भाषांत जगणाऱ्यांसाठी. नाव. शाळेचा दाखला कन्नडातून, त्यात आडनावाच्या जागी आद्याक्षर. आधार कार्डावर बापाचं नाव मध्ये. लग्नानंतर दुसऱ्या राज्यात नवऱ्याचं आडनाव. भाचीचं नाव तीन राज्यांच्या कागदांत चार तऱ्हेनं लिहिलेलं होतं. ते एकसारखं करण्यात सहा महिने आणि दोन प्रतिज्ञापत्रं गेली. मुलगी दहावीला असतानाच हे जुळवून घ्या.

चौथी. एकाच दारासमोर बसू नका, पण प्रत्येक दारावर आपली एक पाटी असते हेही जाणून असा. ब्रिटननं ऑगस्ट २०२० मध्ये आरोग्यसेवेसाठी वेगळा व्हिसा काढला, त्यावर भाचीच्या दोन मैत्रिणी काही महिन्यांतच गेल्या. पण मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं कायम वास्तव्याची पाच वर्षांची अट दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. जर्मनीत आधी भाषा, मग पदवीला मान्यता, मग परवाना. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. पण जर्मन भाषेला आखूड वाट नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. वाट पाहणाऱ्या मुलीला ‘काय झालं गं तुझ्या अमेरिकेचं?’ असं विचारू नका. ‘आज ड्यूटी कशी झाली?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नात ती अजून कुठंच पोचलेली नसते. दुसऱ्यात ती रोज कुणाचा तरी जीव सांभाळून घरी आलेली असते.

भाची १ डिसेंबरपासून इन्चार्ज झाली. करार तीनच वर्षांचा आहे. त्या मुदतीत नंबर लागला तर काय करायचं, ते तिनं आधीच विचारून कागदावर घेतलं. हे आम्हाला २०१८ मध्ये सुचलं नव्हतं. आक्काच्या घरी फरशीचं माप घेऊन गेलेत. कालनिर्णयातली लाल तारीख मात्र बंद झालेली नाही. डबा रांगेत आहे, त्याच्याकडे महिन्यातून एकदा नजर टाकायलाच हवी.

परवा तिचा फोन आला. पहिल्या महिन्याचं पत्रक पाहिलंस का, असं मी सवयीनं विचारणार होते. जीभ चावली आणि म्हटलं, “ड्यूटी कशी झाली?”

पलीकडून पाऊण तास ती बोलत होती.